रिमांड होममधून आलेलं पोर

बायांनो, पाथर्डीकडं आईबाप ऊसतोडीला गेले की पोरं मागं राहतात. एखादं चुकलं, धरलं गेलं, की आपण म्हणतो, ‘गेलं रिमांड होमला!’ जणू जेलच. पूर्वी खरंच मुलं मोठ्यांच्या तुरुंगात जायची. मुंबईत १८५७ साली ससूनांच्या नावानं सुधारशाळा निघाली, तिथं हातकाम शिकवत. १९२४ साली मुंबई इलाख्यानं मुलांसाठी वेगळा कायदा केला. आता २०१५चा कायदा आहे. बाल न्याय मंडळात मॅजिस्ट्रेटसोबत दोन समाजकार्यकर्ते बसतात, त्यांत एक तरी बाई लागतेच. हे आम्हाला फार पटलं. पोराचं समुपदेशन होतं, व्यसन असलं तर उपचारही. सोळा वर्षांपुढच्या मुलांच्या घोर गुन्ह्यांचं वेगळं. एरवी ती शिक्षा पुढं नोकरीच्या आड येत नाही. परत आलेल्या पोराला कामावर कोण घेईल, असं आम्ही गटात विचारलं. कुणीच बोललं नाही.