जुनी गाडी बघताना आधी तिचा इतिहास वाचा

परवा भाच्याचा फोन. "मामा, टाटा इस्टेट मिळतेय, १९९६ ची. रविवारी बघायला येतोस का?" गेलो. गाडी बघता बघता तीस वर्षांचा इतिहासच समोर आला, म्हणून ही पोस्ट.

परमिट राजमध्ये गाडी निवडायची नसायची, नंबर लावायचा असायचा. फियाट नाहीतर ॲम्बॅसडर. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबायचं, त्यामुळे वापरलेली गाडीही चढ्या भावाने जायची. तपासणी म्हणजे ओळखीच्या मिस्त्रीने बॉनेट उघडून "घ्या साहेब" म्हणायचं. मिळतेय हेच नशीब!

१९८३ ला मारुती ८०० आली. १९९२ ला टेल्कोने पुण्यात इस्टेट काढली. टाटामोबाइल पिकअपच्या चॅसीवर बांधलेली, डिझेलवर चालणारी, पॉवर विंडो असलेली ऐसपैस स्टेशन वॅगन. १९९३ ला कार उद्योगाचं लायसन्स उठलं आणि पुढे बलेनो अल्टुरा, कोर्सा स्विंग, इंडिगो मरिना अशा वॅगन येत गेल्या. एकही टिकली नाही. आपल्या लोकांना डिकी बाहेर दिसणारी गाडी हवी होती. वॅगन बघून "ॲम्ब्युलन्स वाटते" म्हणायचे.

याचा आज घेणाऱ्याला काय त्रास? गाडी कमी खपली की पार्टही कमी. इंजिनाचं काम मिस्त्री कसंही निभावतो, पण मागची काच, टेललॅम्प, पाचवा दरवाजा फुटला तर भंगारबाजार पालथा घालावा लागतो. म्हणून आधी ते शाबूत आहे का बघा. मग खाली वाकून चॅसी बघा, किनाऱ्यावरची गाडी असेल तर नक्कीच. इंजिन थंड असताना स्वतः स्टार्ट करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.

मुंबईची गाडी असेल तर कार्पेट उचला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. त्या दिवशी बुडालेल्या कितीतरी गाड्या नंतर धुऊनपुसून बाजारात आल्या. सीटच्या बोल्टवरचा गंज आणि कोपऱ्यातला गाळ खोटं बोलत नाही.

आमची गाडी मात्र अडली कागदावर. आरसी तिसऱ्याच माणसाच्या नावावर, सोबत फॉर्म २९-३० वर त्याच्या कोऱ्या सह्या. मध्ये दोन मालक होऊन गेले, नाव कुणीच लावलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्याची. म्हणजे त्या बिचाऱ्या पहिल्या मालकाच्या डोक्यावर अजून टांगती तलवार आहे, आणि त्याला पत्ताही नसेल!

सरकारने १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारची फेरनोंदणी ६०० वरून ५,००० रुपये केली. जुनी गाडी महाग करायला जमतं, मग गाडी हातोहात फिरताना नाव बदललं की नाही हे बघायला का जमू नये?

आम्ही गाडी घेतली नाही. भाचा दिवसभर नाराज होता.

तुम्ही कधी गाडी विकली असेल तर आजच तपासा, आरसीवर अजून तुमचंच नाव तर नाही ना?