पुस्तकांतील स्वयंपाकघर

श्रोतेहो, पाककृतींचें कोणतेंहि पुस्तक उघडून पाहा. तांदूळ किती, डाळ किती, तूप किती, हें सर्व तेथें मोजून सांगितलेलें असतें. मिठापाशीं आलें, कीं लेखणी ‘चवीपुरतें’ एवढेंच म्हणून पुढें जाते. ज्याच्यावांचून पानांतील बहुतेक जिन्नस तोंडीं लागत नाहींत, त्याला पुस्तकांत सर्वांत थोडी जागा! मग वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, भाईंदरच्या मिठागरांत, भरतीचें पाणी कोंडून आणि उन्हांत आटवून ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या मीठ पिकविलें, त्यांची आठवण तेथें कशी असणार? लिहिणारा घरांत ज्या जागीं बसलेला असतो, तेथून दिसेल तेवढेंच स्वयंपाकघर पुस्तकांत उतरतें. हा एकच विचार आज कालक्रमानें आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम राजाचें ताट. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभार, हत्ती, गायन, चित्रकला यांच्या पंक्तीस त्यानें अन्नभोगासहि बसविलें आहे. आपल्या मांड्यांचा पूर्वज ‘मंडक’ तेथें आहे. उडदाच्या पिठाची ‘इडरिका’ आहे. मासे, कांसव, इतकेंच नव्हे तर शेतांत धरलेल्या उंदरांचे भाजून केलेले प्रकारहि आहेत. ‘आपल्याकडे पूर्वापार अमुकच खात असत’ असें छातीठोकपणें सांगणाऱ्यांनीं हें प्रकरण अवश्य वाचावें. परंतु या भोगाचा धनी जेवणारा आहे. चुलीपुढें बसलेल्या आचाऱ्याच्या मनांत काय चाललें असेल, हें विचारण्याचें राजाला प्रयोजन नव्हतें.

राजानंतर पंडित. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रघुनाथ गणेश नवहस्त या महाराष्ट्रीय पंडितानें ‘भोजनकुतूहल’ रचलें. तंजावरच्या भोसले घराण्याशीं त्याचा निकट संबंध होता. कोणतें अन्न पथ्यकर, कोणतें शास्त्रसंमत, याचा खल तो करतो आणि संस्कृत नांवाला जागोजाग देशी नांवाची जोड देतो. या देशी नांवांनींच तो इतिहासाच्या उपयोगीं पडला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील प. कृ. गोडे यांनीं जिलबीचा इतिहास शोधतांना या ग्रंथाचा आधार घेतला. पुढें त्याच तंजावरांत दुसऱ्या सरफोजी राजाच्या नांवानें ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ लिहिलें गेलें. त्यांत मराठे आणि ब्राह्मण यांच्या पाकाबरोबर इंग्रजी पाकालाहि जागा मिळाली. राज्य गेलें, तरी मुदपाकखान्याचे दरवाजे असे उघडले होते!

ह्या पोथ्या लिहिल्या जात होत्या, तेव्हां घरोघर पहांटेच्या जात्यावर दुसरें वाङ्मय जन्मास येत होतें. दळणाऱ्या स्त्रियांच्या हातीं लेखणी नव्हती, कंठ होता. सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल आणि दुखरे खांदे हे सर्व त्यांच्या ओवींत आले. साने गुरुजींनीं अशा ओव्या ‘स्त्री जीवन’ या संग्रहांत एकत्र केल्या. पुढें हेमा राईरकर आणि गी प्वातवें यांनीं खेडोपाडीं हिंडून जमविलेल्या ओव्यांची संख्या एक लाखावर गेली. चुलीमागचा हा आवाज पोथींत आला नव्हता, एवढेंच. मुका तो कधींच नव्हता.

छापखाना आला आणि स्वयंपाकघर विकत मिळूं लागलें. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचें. मराठींतील आरंभींच्या छापील पाकपुस्तकांत त्याची गणना होते. येथेंहि लेखक पुरुषच. त्यानंतर १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ प्रसिद्ध झालें. जिच्या हातानें पदार्थ होतो, तिनेंच तो सांगावा, ही साधी गोष्ट घडावयास इतका काळ लागला. १९७० च्या ‘रुचिरा’मध्यें कमलाबाई ओगले यांनीं वाटी आणि चमचा हींच मापें धरलीं. ज्या मुलीजवळ शिकवावयास आई किंवा सासू नव्हती, तिला हीं मापें आपल्याच मांडणीवर सांपडलीं.

त्याच १९१० सालीं दुसरें एक पुस्तक निघालें. त्यांत पाककृति नाहींत, तरी स्वयंपाकघर सर्वत्र आहे. तें म्हणजे रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’. १८७३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, त्या रानड्यांच्या घरीं आल्या. पति शिकवावयास उत्सुक, आणि घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया त्या शिक्षणावर रुष्ट. दिवाणखान्यांत सुधारणेचीं व्याख्यानें होत, पण त्यांची परीक्षा सोवळ्याच्या उंबरठ्यावर होई. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहावरून केवढें वादळ उठलें, तें सर्वश्रुत आहे. एका पेल्यापायीं न्यायमूर्तींसारख्या पुरुषासहि अखेर प्रायश्चित्त घ्यावें लागलें. त्या काळचा समाज जाणावयाचा असेल, तर सभांच्या वृत्तांताइकाच हा पेला तपासला पाहिजे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ चा. वडिलांचें सोवळें असें, कीं बाजारांतून आलेली वस्तु धुतल्यावांचून घरांत येऊं नये. अशा घरांत वाढलेली ही बाई. पति ख्रिस्ती झाले, तेव्हां तिनें आपली चूल निराळी ठेवली. पुढें एके दिवशीं तिला उमगलें, कीं शिवाशीव माणसानें निर्माण केली आहे. आणि बाप्तिस्मा घेण्यापूर्वींच तिनें अन्नांतील भेद टाकून दिला. एवढें मोठें स्थित्यंतर ती हंसत हंसत सांगते. पण आपल्या चुलीवरचा भेद आपल्याच हातानें पुसणें किती कठीण, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाला विचारावें.

आणि ज्यांना त्या उंबरठ्याबाहेरच ठेविलें होतें, त्यांचें काय? दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्यें (१९७८) वाळविलेल्या मांसाच्या चान्या आल्या. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्यें (१९८६) भूक हीच घरांतली मोठी माणूस आहे. शाहू पाटोळे यांनीं २०१५ सालीं मराठवाड्यांतील महार-मांगांच्या पदार्थांवर पुस्तक लिहिलें आणि त्याला नांव दिलें ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. आपल्या नित्याच्या वचनाला जोडलेलें तें एक ‘अ’ अक्षर काय सांगतें, तें निराळें विवरून सांगण्याचें कारण नाहीं. ज्या पाककृति कोणत्याहि गृहिणीच्या मित्रानें छापल्या नाहींत, त्या तेथें प्रथमच ग्रंथाच्या पानावर बसल्या.

म्हणून मला मीरा-भाईंदरच्या श्रोत्यांशीं दोन शब्द बोलावयाचे आहेत. २००२ सालीं महानगरपालिका झालेल्या या शहरांत आज नाना प्रांतांच्या चुली पेटतात. परंतु उत्तन, पाली, चौक, डोंगरी या बाजूच्या जुन्या गांवांत कोळ्यांचे बोंबील उन्हांत वाळतात. ज्या ख्रिस्ती समाजानें १८८७ सालीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें, त्यांच्या घरीं उन्हाळ्यांत वर्षाचा बॉटल मसाला कांडला जातो आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरला जातो. प्रत्येक घराचें प्रमाण निराळें, आणि तें बहुधा एखाद्या वृद्ध बाईच्या मुठीचें! आगऱ्यांच्या घरींहि तीच गोष्ट. ती मूठ कायमची मिटली, कीं तें प्रमाण गेलें. मग कोणताहि संशोधक तें परत आणूं शकणार नाहीं.

तेव्हां एक वही घ्यावी. घरांतील वडील बाईजवळ बसावें, आणि पदार्थाबरोबर तो कोणी शिकविला, कोणत्या सणाला होई, टंचाईच्या वर्षीं त्यांत काय घालीत, हेंहि लिहावें. तिचें नांव वर घालावें. राजांनीं आपल्या ताटाचा इतिहास नऊशें वर्षांपूर्वींच लिहून ठेविला. आपण आपल्या चुलीचा निदान यंदा आरंभ करूं. आणि त्या वहींत ‘मीठ चवीपुरतें’ असें लिहिण्याची वेळ येईल, तेव्हां तें मीठ कोणत्या आगरांतून येत असे, हेंहि पुढें जोडावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.