मुंबई ते दिल्ली विमानाने किती अंतर, किती वेळ? मोबाईलवर असं तपासा

परीक्षा किंवा इंटरव्ह्यूसाठी दिल्लीला पहिल्यांदाच विमानाने निघालेले अनेक जण मला विचारतात, "सकाळच्या फ्लाइटने गेलो तर ११ वाजता पोहोचेन का?" तिकिटावर दोन तास दिसतात, पण हिशोब तेवढ्यावर संपत नाही. चला, समजून घेऊ.

अंतर किती?

- हवाई अंतर (सरळ रेषेत): सुमारे १,१४० किमी
- रेल्वेने, राजधानीच्या मार्गाने: सुमारे १,३८५ किमी, साधारण साडेपंधरा तास
- रस्त्याने: सुमारे १,४०० किमी, मार्गानुसार कमी-जास्त

मग विमानाला दोन तास का लागतात?

प्रवासी जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० किमीच्या आसपास वेगाने उडतं. त्या हिशोबाने दीड तासाच्या आत पोहोचायला हवं. पण चढताना-उतरताना वेग कमी असतो, ठरलेल्या हवाई मार्गाने थोडं वळून जावं लागतं आणि गर्दी असेल तर उतरण्याआधी आकाशात घिरट्या माराव्या लागतात. शिवाय तिकिटावरची वेळ ही विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत पार्किंगला थांबेपर्यंतची असते. म्हणून तिथे साधारण २ तास ते २ तास २० मिनिटं दिसतात.

मोबाईलवर अंतर कसं मोजायचं?

१. गूगल मॅप्स उघडा आणि मुंबई विमानतळावर रिकाम्या जागी बोट दाबून धरा. लाल पिन येईल.
२. खालची माहिती वर सरकवा आणि 'मेजर डिस्टन्स' निवडा.
३. नकाशा सरकवून मधलं वर्तुळ दिल्ली विमानतळावर आणा. खाली किलोमीटर दिसतील.

प्रत्यक्ष वेळेसाठी मी फ्लाइटरडार२४ वापरतो. फ्लाइट नंबर टाकला की गेल्या काही दिवसांत ते विमान खरंच किती वाजता उतरलं ते कळतं. तिकीट काढण्याआधी हे नक्की बघा.

पूर्ण हिशोब असा करा

बहुतेक कंपन्या देशांतर्गत चेक-इन काउंटर ६० मिनिटं आधी बंद करतात, त्यामुळे दोन तास आधी पोहोचा. उतरल्यावर बॅग आणि बाहेर पडायला अर्धा-पाऊण तास धरा. त्यात दोन्हीकडचा रस्त्याचा वेळ मिळवा. म्हणजे घरापासून ठिकाणापर्यंत सहा-सात तास सहज जातात. ११ च्या इंटरव्ह्यूसाठी मी तरी आदल्या दिवशीच जायला सांगतो. हिवाळ्यात दिल्लीच्या धुक्यामुळे सकाळच्या फ्लाइट्स लेट होतात, तेव्हा तर नक्कीच.

आणि हो, आता नवी मुंबईहूनही विमानं सुटतात. तिकिटावर विमानतळाचं नाव आणि टर्मिनल दोनदा वाचा.

तुमचा कोणी मित्र पहिल्यांदा विमानाने जात असेल, तर त्याला हा लेख नक्की पाठवा!