मद्यासक्तीवरील उपचार : अचानक दारू सोडण्यातील धोका

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या व्यक्तीने घरच्यांच्या आग्रहाखातर एका रात्रीत दारू सोडली, तर तो निर्धार जिवावर बेतू शकतो. मद्याला सरावलेल्या मेंदूचा तोल ते अचानक बंद होताच ढळतो. काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास होतात आणि स्थळकाळाचे भान सुटते. ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ ही अवस्था उपचारांअभावी प्राणघातक ठरू शकते.

म्हणूनच मानसोपचारात मद्यमुक्तीचे टप्पे ठरलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ या १० प्रश्नांच्या चाचणीने समस्येची तीव्रता जोखली जाते. दारू सुटण्याच्या काळात बेन्झोडायझेपिन गटातील औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली देऊन हळूहळू कमी केली जातात. सोबत थायमिन, म्हणजेच ‘ब-१’ जीवनसत्त्व दिले जाते. त्याच्या अभावी स्मृती कायमची दुबळी होऊ शकते. पुढे पिण्याची ओढ आवरण्यासाठी नाल्ट्रेक्सोन किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेट उपयोगी पडते. डायसल्फिराम घेतलेल्या रुग्णाने मद्य प्यायल्यास तीव्र प्रतिक्रिया उमटते; त्यामुळे ते जेवणातून नकळत देणे धोक्याचे आहे.

औषधांनी शरीर सावरते. मन सावरण्यासाठी समुपदेशन आणि कुटुंबाची साथ लागते. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने महाराष्ट्रात हीच वाट रुजवली.

तरीही उपचार फार थोड्यांपर्यंत पोहोचतात. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणते तरी साहाय्य मिळाले होते. कर्नाटकच्या सीमेलगतच्या, अक्कलकोट तालुक्यातील दुधनीसारख्या लहान शहरांसाठी गोव्यातील प्रयोग मार्गदर्शक ठरावा. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी, पूर्ण अवलंबित्व न जडलेल्या पण हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकांत संवाद साधला. तीन महिन्यांनी त्यांच्यातील ३६ टक्के धोक्याच्या पातळीबाहेर आले. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते.

अवलंबित्व जडलेल्यांनी मात्र दारू बंद करण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. आकडी वा भ्रम दिसताच रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून सल्ला मिळतो.