तुकडी निघण्यापूर्वी

मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाच्या गोष्टी आपण ऐकतो त्या बहुधा चकमकींच्या असतात. अमुक करोडगिरीचा नाका जाळला, तमुक ठाण्यावर हल्ला झाला, असे आपण सांगतो आणि ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा उभा राहतो. परंतु चकमक ही घटका-दोन घटकांची असते. तिच्या पाठीमागची तयारी कित्येक दिवसांची असते. त्या तयारीची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण तीत गोळीबार नसतो. मात्र ती माणसे लुटारू होती की सैनिक होती, या प्रश्नाचे उत्तर गोळीबारापेक्षा तयारीतच अधिक सापडते.

पार्श्वभूमी आपणांस ठाऊकच आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. निजामाचे राज्य मात्र वेगळे राहिले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी जैसे थे करार झाला, पण रझाकारांचा जोर वाढतच गेला. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा लातुरास वकिली केलेला माणूस. प्रतिकारासाठी स्टेट काँग्रेसने सरहद्दीच्या पलीकडे केंद्रे उघडली. नांदेडच्या बाजूस पैनगंगेपलीकडे उमरखेड होते. लातूर-उस्मानाबादच्या बाजूस बार्शीचा मुलूख होता. त्या वेळी लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुका होता, तर उदगीर बीदर जिल्ह्यात मोडत असे. लातूर जिल्हा झाला तो पुढे १९८२ साली.

या केंद्रांत जमलेले लोक कोण होते? शाळा सोडून आलेले विद्यार्थी, मास्तर, वकील, शेतकरी. हत्यारे थोडी आणि काडतुसे त्याहून थोडी. मोठ्या फौजेची एखादी चूक संख्याबळावर निभावून जाते. वीस माणसांच्या तुकडीची निभत नाही. म्हणून जगभर लहान तुकड्यांचे शास्त्र हे मुख्यतः पूर्वतयारीचे शास्त्र झाले आहे. अमेरिकेतील वसाहतींच्या युद्धात रॉबर्ट रॉजर्स याने १७५७ साली आपल्या टेहळ्यांसाठी २८ नियम लिहिले. गेलेल्या वाटेने परत येऊ नये, हा त्यांतलाच एक. आजही आपल्या सैन्यात गस्तीवर निघणाऱ्या तुकडीला हुकूम दिला जातो तो ठरलेल्या क्रमाने: परिस्थिती काय, कामगिरी कोणती, ती पार कशी पाडावयाची, रसदीची व्यवस्था काय, आणि नायक कोठे असेल व तो पडला तर त्याच्या जागी कोण. हा शेवटचा प्रश्न निघण्यापूर्वीच विचारावा लागतो. तो विचारताना कोणाला बरे वाटत नाही, पण न विचारणे अधिक महाग पडते.

आता हे शास्त्र आपल्या मुलखावर ठेवून पाहू. पहिली गोष्ट जमिनीची. आपली काळी माती पावसाळ्यात पाय उचलू देत नाही, आणि पूर आला की पैनगंगा परतीची वाट बंद करते. पौष-माघात नदीला उतार मिळतो आणि रब्बीची ज्वारी पुरुषभर उंच उभी असते. आडोशाला तेवढे पुरते. मात्र थंडीच्या रात्री आवाज दूरवर जातो आणि गावकुसाशी कुत्री जागी असतात. म्हणून वाट गावातून न काढता शिवेशिवेने काढावी लागते. एकत्र जमण्यासाठी अंधारातही ओळखता येईल अशी खूण लागते. दिवसा दडून राहण्यासाठी उदगीरजवळच्या हत्तीबेटासारखी जागा लागते. निघण्यापूर्वी प्रत्येकाने जागच्या जागी उडी मारून पाहावी, म्हणजे खिशात काय वाजते ते कळते. परवलीचा शब्द सर्वांना पाठ हवा.

या दृष्टीने उमरीकडे पाहा. नांदेड जिल्ह्यातील उमरी हे मुदखेड-धर्माबाद लोहमार्गावरचे गाव. तेथील स्टेट बँकेवर ३० जानेवारी १९४८ रोजी उमरखेड केंद्राच्या कार्यकर्त्यांनी छापा घातला आणि वीस लाखांहून अधिक रक्कम हस्तगत केली. साहेबराव बारडकर, नागनाथ परांजपे, आबासाहेब लहानकर ही नावे या कामगिरीशी जोडलेली आहेत. अशा गावात काम एका दारापुरते नसते. तिजोरी उघडणारे वेगळे, ठाण्यातील शिपायांना रोखून धरणारे वेगळे, स्टेशन व तारायंत्र सांभाळणारे वेगळे. गाडी केव्हा येते, तिजोरीची किल्ली कोणाकडे असते, एवढ्या नोटांचे ओझे किती आणि ते वाहणार कोण, हे सारे आधी गावात जाऊन, बाजारकऱ्याच्या वेषात, पाहून यावे लागते. आणि पैनगंगा तर दूर राहिलेली; जाण्यापेक्षा परतणेच अवघड.

त्याच सायंकाळी दिल्लीस गांधीजींची हत्या झाली. कोणत्याही योजनेत मावणार नाही असे काही दैव नेहमीच राखून ठेवते.

पण उमरीचे खरे मोल परतल्यानंतरच्या कामात आहे. पैसा हाती येताच माणसाची परीक्षा सुरू होते. ही रक्कम चळवळीची ठरली आणि तिचा हिशेब ठेवला गेला. निजामाचा हाली रुपया वेगळा, सरहद्दीपलीकडचा कलदार वेगळा. सात हाली म्हणजे सहा कलदार. म्हणजे प्रत्येक रकमेचा हिशेब दोनदा करणे आले. दरोडेखोर वाटणी करतो. सैनिक जमाखर्च लिहितो. हा भेद छाप्याच्या वेळी दिसत नाही, वहीत दिसतो.

आता एक कठीण गोष्ट. तुकडी नदी उतरून गेली की तिच्यापुरती मोहीम संपते, पण ज्याने रात्री भाकरी दिली, वाट दाखविली, त्याचे घर नदीच्या अलीकडेच राहते. सकाळी रझाकार येत ते त्याच्या दाराशी. आपण तुकड्यांचे यश मोजताना किती शिपाई पडले, किती रक्कम मिळाली हे मोजतो. त्या गावांनी काय भरले ते मोजीत नाही. माझ्या मते चांगल्या योजनेचे लक्षण हेच, की तीत मागे राहणाऱ्यांचीही गणना असते: कोणाच्या घरी थांबावयाचे नाही, कोणाचे नाव उच्चारावयाचे नाही, कोणत्या गावाजवळून जावयाचेच नाही. कधी कधी या गणनेचे उत्तर असे येते की आज निघू नये. ज्या नायकाला तसे म्हणता आले, त्याच्या शौर्याची कोठे नोंद होत नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य शिरले आणि १७ तारखेस निजाम शरण आला. शेवटचा घाव सैन्याने घातला हे खरे. पण त्याआधी वर्षभर सरहद्दीवरच्या गावांची हिंमत टिकली, ती या छोट्या तुकड्यांमुळे आणि त्यांना भाकर देणाऱ्या उंबरठ्यांमुळे. दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण ध्वजवंदन करतो, तेव्हा हुतात्म्यांच्या नावांबरोबर त्या निनावी उंबरठ्यांचीही आठवण ठेवू या. त्यांनी मुक्तीची किंमत भरली आणि पावती मागितली नाही.