चिपसेट ड्रायव्हरची वाटचाल

आयबीएमच्या १९८१ सालच्या पहिल्या पीसीत चिपसेट असा नव्हताच. इंटरप्ट सांभाळणे, वेळ मोजणे, मेमरीशी थेट देवघेव करणे या कामांसाठी बोर्डावर ८२५९, ८२५३, ८२३७ अशा सुट्या चिप्स असत. १९८०च्या दशकाच्या मध्यावर ‘चिप्स अँड टेक्नॉलॉजीज’ या कंपनीने आयबीएमच्या एटी प्रकारच्या संगणकातील असा पसारा मोजक्या चिप्समध्ये बसवला. नव्या चिप्स सॉफ्टवेअरशी जुन्यांप्रमाणेच वागत, त्यामुळे वेगळा ड्रायव्हर लागला नाही.

तो लागू लागला उपकरणे जोडण्याची पीसीआय पद्धत आणि विंडोज ९५ आल्यावर. ही विंडोज बोर्डावरचे प्रत्येक उपकरण स्वतः ओळखू पाही. पण तिच्यानंतर बाजारात आलेले चिपसेट तिला कसे ठाऊक असणार? डिव्हाइस मॅनेजरमध्ये मग पिवळी चिन्हे दिसत. यावर इंटेलने ‘आयएनएफ’ फाइल्सचा संच दिला. त्या साध्या मजकुराच्या फाइल्स असतात. कोणते उपकरण कोणते आणि त्यासाठी विंडोजमधला कोणता ड्रायव्हर वापरायचा, एवढेच त्या सांगतात. म्हणजे ज्याला सगळे ड्रायव्हर म्हणत, त्यात चालणारा प्रोग्राम बहुधा नसेच.

चिपसेट बनवणाऱ्या व्हीआयए या कंपनीची गोष्ट निराळी. तिच्या ‘फोर-इन-वन’ संचात ग्राफिक्स कार्डाच्या एजीपी आणि डिस्कच्या आयडीई जोडणीसाठी खरेखुरे ड्रायव्हर होते, आणि त्यांच्यावाचून ग्राफिक्स कार्ड नीट चालेलच याची खात्री नसे. २००१मध्ये तिच्या ६८६बी या साउथ ब्रिजवर, म्हणजे डिस्कसारखी उपकरणे सांभाळणाऱ्या चिपवर, मोठ्या फाइल्स कॉपी करताना डेटा बिघडू लागला, तेव्हा बायॉस बदलाबरोबर ड्रायव्हरमधूनही उपाय करावा लागला. चिपसेट ड्रायव्हर अद्ययावत करण्याला इतके महत्त्व क्वचितच आले असेल.

पुढे मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच गेला: एएमडीकडे २००३मध्ये, इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये २००८मध्ये. मेमरी सांभाळणाऱ्या नॉर्थ ब्रिज या चिपचे काम संपत आले आणि बरेच ड्रायव्हर विंडोज अपडेटमधूनच मिळू लागले. इंटेलने आपल्या आयएनएफ फाइल्सवर १८ जुलै १९६८, म्हणजे कंपनीच्या स्थापनेची तारीख घातली. विंडोज ड्रायव्हर निवडताना तारीखही पाहते. जुनी तारीख असली की या सर्वसाधारण फाइल्स खास ड्रायव्हरला हटवत नाहीत. त्यामुळे अशा ठिकाणी तारीख नव्हे, आवृत्तीचा क्रमांक पाहायला हवा.

अलीकडे चिपसेट ड्रायव्हरच्या संचाला नवे काम मिळाले आहे. २०२३च्या रायझन ९ ७९५०एक्स३डीमध्ये प्रोसेसरच्या एकाच भागाला जास्तीची कॅश आहे. खेळ त्या भागाकडे वळवण्यात विंडोजला मदत करणारा ड्रायव्हर एएमडीच्या चिपसेट संचातूनच येतो.