कीबोर्डवरचा आळ

पूर्वपक्ष असा आहे. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीच्या वारली आदिवासी पाड्यांवर आता लग्न म्हटलं की टेम्पोतून स्पीकर उतरतात, जनरेटर धडधडू लागतो आणि कीबोर्डवाला पहाटेपर्यंत वाजवत बसतो. तारपा मागे पडला तो या लोकांमुळे. म्हणून तारपा मूळ स्वरूपात जपावा, महोत्सवांत त्याला मानाचं स्थान द्यावं आणि हा ‘बँड’ पाड्याबाहेर ठेवावा. लोककलेच्या व्यासपीठांवरून हे इतक्या वेळा ऐकू येतं की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटत नाही. बोलणाऱ्यांचा कळवळा खरा आहे. निदान चुकलं आहे.

आधी तारपा जवळून पाहू. वाळवलेला भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आत थरथरणाऱ्या जिभल्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळलेला कर्णा. वाजवणारा दम तोडत नाही. नाकाने श्वास घेतो, गालात साठवतो आणि फुंकत राहतो, त्यामुळे सूर खंडत नाही. नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्या भोवती फिरतात. त्याने चाल बदलली की सगळ्यांची पावलं बदलतात. तो वळला की रांग वळते. तारप्याला पाठ दाखवायची नाही हा दंडक आहे.

पण हे कधी? भात तयार होऊन नवं धान्य घरात यायच्या दिवसांत. नारनदेव, हिमाय, कनसरी या देवतांशी, म्हणजे पाऊस-पिकाशी, हे वाद्य बांधलेलं आहे. वारल्यांच्या लग्नात मान धवलेरीचा: भिंतीवर लिहिलेल्या देवचौकापुढे गाणारी ती, लग्न लावणारी ती. लग्न हे तारप्याचं मुख्य घर कधी नव्हतंच. मग लग्नातल्या कीबोर्डने तारप्याला घराबाहेर काढलं, हा आरोप टिकायचा कसा?

खरा प्रश्न वेगळा आहे. भात पिकतं तेव्हा पाड्यावरचा तरुण कुठे असतो? उत्तर शोधायला झाईला जावं. महाराष्ट्राचा समुद्रकिनारा इथे संपतो, पलीकडे उंबरगाव, म्हणजे गुजरात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास मासेमारी पुन्हा सुरू होते. डहाणू-तलासरीची किती तरी पोरं तेव्हा आगाऊ उचल घेऊन गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेली असतात, थेट पोरबंदर-ओख्यापर्यंत. पाकिस्तानच्या तुरुंगात अडकलेल्या मच्छीमारांच्या बातम्यांत पालघरच्या आदिवासी गावांची नावं येतात ती त्यामुळेच. जी बोटीवर जात नाहीत ती दिवाळी सरताच वीटभट्टीची वाट धरतात. तारप्याचा हंगाम आणि पोट भरायचा हंगाम एकमेकांवर आदळतो. वाजवणारा म्हातारा घरी असतो, नाचणारे पाय ट्रॉलरवर. हंगाम संपत आला की पोरं घरी येतात, तेव्हा लग्नसराई असते आणि तिथे कीबोर्ड वाजत असतो. जो हजर आहे त्याच्यावर आळ घेणं सोपं असतं.

या वादात मला एका दूरच्या वाद्यवृंदाची कारकीर्द नेहमी आठवते. स्कॉटलंडच्या स्काय बेटावर १९७३ साली रोरी आणि कॅलम मॅकडोनाल्ड हे भाऊ आणि ब्लेअर डग्लस यांनी ‘रनरिग’ सुरू केला. आज त्याचं नाव गेलिक अस्मितेशी जोडून घेतात, पण सुरुवातीला तो नाचाला साथ देणारा साधा बँड होता. गावातल्या सभागृहात नाच असला की बोलावणं यायचं. १९७८ साली त्यांची पहिली तबकडी आली, सगळीच्या सगळी गेलिकमध्ये. गिटार आणि ड्रम यांच्या साथीने, बहुतेक स्वतः रचलेली नवी गाणी. तिथेही पूर्वपक्ष तयारच होता: खरं गेलिक गाणं म्हणजे ‘मॉड’मधलं गाणं. हा मॉड म्हणजे १८९२ पासून भरणारा स्पर्धा-महोत्सव. त्याच्या मंचावर नीटस पोशाखातले वृंद ओळीत उभे राहून गातात. गंमत अशी की गेलिक बायका लोकर तुडवताना तालावर जी गाणी म्हणत, त्यांना हा ओळीतला वृंद गिटारइतकाच परका होता. ज्याला मूळ म्हणायचं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवलेलं होतं.

आपल्याकडचा महोत्सवी तारपा याहून निराळा नाही. मंचावर पाच मिनिटं मिळतात, रिंगण प्रेक्षकांकडे तोंड करायच्या नादात उलगडून अर्धवर्तुळ होतं, सगळ्यांना एकाच रंगाचे कपडे दिलेले असतात. सूत्रसंचालक ‘आदिम’ हा शब्द वापरल्याशिवाय खाली बसत नाही. हंगाम नाही, देव नाही, धान्य नाही. हे चालेल आणि कीबोर्ड चालणार नाही, हा न्याय कुठला?

वारली चित्रांच्या बाबतीत मात्र कीबोर्डला नावं ठेवणारे हेच लोक उदार होतात. कुडाच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहिणं हे सवाष्णींचं काम होतं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ते कागदावर-कापडावर आणलं. पुरुषाने, लग्नावाचून, विकण्यासाठी. विधीच्या दृष्टीने याहून मोठा बदल कोणता? तरीही त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि ती योग्यच होती. हाताने केलेला बदल परंपरा, विजेवर केलेला बदल भ्रष्टता, असा काही नियम असेल तर तो वारल्यांनी केलेला नाही. १९४५ साली याच तलासरी तालुक्यातल्या झरी गावी जमलेल्या हजारो वारल्यांनी वेठबिगार न करण्याचं ठरवलं, तेव्हा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांची एक रीत मोडलीच होती. बदलायचं काय आणि ठेवायचं काय, हे ठरवायची अक्कल त्यांना आहे.

आता दुसऱ्या बाजूचाही हिशेब चुकता करतो, कारण रनरिगचं नाव काढलं की शहरी फ्युजनवाले खूश होतात. त्यांचं म्हणणं, तारप्याला गिटारची जोड द्या, एखादं गाणं गाजू द्या, वारली बोली आपोआप तगेल. इथे आकडे आडवे येतात. १९८१ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये सुमारे ७९ हजार गेलिक बोलणारे होते, २००१ मध्ये साधारण ५८ हजार उरले. रनरिगचा बहर याच वीस वर्षांतला. १९९५ मध्ये त्यांचं एक गेलिक गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अठराव्या क्रमांकावर गेलं. एका बिअरच्या जाहिरातीत ते वापरलं होतं म्हणून. २०२२ च्या जनगणनेत बोलणाऱ्यांचा आकडा पुन्हा सत्तर हजारांजवळ आला. १९८५ पासून निघालेले गेलिक माध्यमाचे वर्ग आणि २००५ चा भाषा-कायदा यांचा त्यात मोठा वाटा आहे. तरी पश्चिमेकडच्या बेटांवर, गेलिकच्या बालेकिल्ल्यात, ती बोलणारे निम्म्याखाली गेले. ज्या बेटावर नोकरी नाही, तिथली भाषा टिकवणं एकट्या बँडला जमत नाही.

मग बँडने केलं काय? रनरिगने गेलिक पोराला शनिवारच्या रात्री स्वतःच्या भाषेत नाचायची सोय करून दिली. शाळेत लाज वाटायला लावणारी भाषा नाचाच्या गर्दीत ऐटीत आली. एवढं थोडं नाही. त्यांचा गायक डॉनी मन्रो १९९७ मध्ये निवडणूक लढवायला बाहेर पडला आणि हरला. त्याच्या जागी कॅनडाच्या केप ब्रेटन बेटावरचा ब्रूस गथ्रो आला, आणि २०१८ साली स्टर्लिंगच्या किल्ल्याखाली निरोपाचे कार्यक्रम होईपर्यंत बँड चाललाच. बाहेरचा गायक आल्याने बाटला नाही.

हे माप लावलं तर १९७३ च्या रनरिगच्या सर्वांत जवळ कोण बसतं? मुंबईच्या सभागृहात तारप्याचा एक नमुना लूपवर टाकणारा कलावंत नव्हे. पाड्यावरचा कीबोर्डवाला बसतो. तो वारल्यांपुढे, वारलीत, वारल्यांच्या पैशाने वाजवतो; सीमेपलीकडचा असला तर मध्येच गुजराती ओळ घालतो, कारण नवरीची मावशी उंबरगावची असते. १९६० साली राज्यांची रेघ ओढली गेली, सोयरीक तिच्यामुळे थांबली नाही. आवाज कानठळ्या बसवतो हे खरं. काही गाणी भिकार असतात हेही खरं. रात्री दहानंतरच्या आवाजाला कायदा आहे, भिकार गाण्याला श्रोते आहेत. संस्कृतिरक्षण खात्याची दोन्हींना गरज नाही.

जव्हारकडच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना वयाच्या नव्वदीच्या घरात, २०२६ मध्ये, तारप्यासाठी पद्मश्री जाहीर झाली. आनंदच आहे. पण तारपा वाजवायला एक माणूस पुरतो, नाचायला रिंगण लागतं. ते हवं असेल तर खलाशाची उचल, भट्टीवरचा मुकादम आणि आश्विनात पाड्याजवळ मिळणारी मजुरी यांबद्दल बोलावं लागेल. ते बोलणं अवघड आणि महागाचं आहे, म्हणून बिचाऱ्या कीबोर्डला झोडपणं चालू राहतं.